माळावर भांडायला कोणी नसतं

आमच्या धंद्यात तारांना जनावरांची नावं असतात. 33 केव्हीच्या लाइनवर बहुधा 'डॉग' असतो, 132 वर 'पँथर', 220 वर 'झेब्रा' आणि 400 वर 'मूस'. तारेच्या जाडीनुसार ठरलेली ही सांकेतिक नावं आपण इंग्रजांकडून घेतली. अमेरिकेत याच तारांना पक्ष्यांची नावं देतात. तिथल्या इंजिनियरांना त्यात काही गंमत वाटते की नाही, कुणास ठाऊक.

माझी सगळी नोकरी पारेषणात गेली, म्हणजे टॉवर उभे करणं, तारा ओढणं आणि नंतर त्या लाइनी सांभाळणं. त्यातली बरीच वर्षं सोलापूर जिल्ह्यात काढली. त्यामुळे सौर आणि पवन ऊर्जा विरुद्ध माळढोक असा वाद पेपरात वाचला की मला पक्ष्याच्या आधी लाइनचा सर्व्हे आठवतो. हा वाद सूर्य आणि पक्षी यांच्यात आहेच कुठे? तो आहे लाइन कुठून न्यायची याचा, आणि ते कसं ठरतं हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं.

दोन उपकेंद्रं ठरली की नकाशावर त्यांच्यामध्ये सरळ रेघ मारतात. मग रेघ जमिनीवर उतरते आणि वाकायला लागते. मध्ये द्राक्षाची बाग येते, ऊस येतो, विहीर येते, कुणाचं तरी नवं घर येतं. टॉवरच्या चार पायांत गेलेल्या जागेची भरपाई, तारांखालच्या पट्ट्याची भरपाई, तुडवलेल्या पिकाची वेगळी. एवढं देऊनही शेतकरी बांधावर उभा राहतो, आणि त्याचं काही चूक नसतं. मग तहसीलदार, पंचनामा, प्रसंगी पोलीस बंदोबस्त. एका शेतापायी अख्खी लाइन वर्षभर अडलेली असते आणि वरून रोज फोन येत असतात.

अशा वेळी सर्व्हे करणाऱ्याची नजर माळाकडे वळते. मुरमाड जमीन, पाया पक्का बसतो. झाडं नाहीत, तोडण्याची परवानगी नको. पीक नाही, पंचनामा नको. पड किंवा गायरान असेल तर मालक सरकारच. एखादा धनगर मेंढरं घेऊन उभा असतो, तो कुतूहलाने विचारतो, "साहेब, आमच्या वस्तीवर बी येणार का लाइट?" माळावर भांडायला कोणी नसतं. खर्चाच्या अंदाजपत्रकात पीक, झाडं, विहीर, घर यांना रकाने असतात, गवताला नसतो. इंजिनियरने स्वस्त आणि बिनतंट्याचा मार्ग शोधावा हीच त्याच्याकडून अपेक्षा असते, आणि तो मार्ग इमानेइतबारे माळावरून जातो.

याच माळावर माळढोक राहतो. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा. जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. 1969 मध्ये देशात यांची संख्या 1,260 च्या आसपास असावी असा अंदाज होता. आज ती दीडशेच्या आत आहे आणि जवळजवळ सगळी राजस्थानात, जैसलमेरच्या आसपास. तिथे त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा पक्षी आहे.

एवढ्या मोठ्या पक्ष्याला एवढा मोठा टॉवर दिसत नाही का, असं मला लोक विचारतात. टॉवर दिसतो, तार दिसत नाही. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. आफ्रिकेतल्या त्याच्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की उडताना खालची जमीन न्याहाळायला हा पक्षी मान थोडी झुकवतो, तेव्हा नेमका नाकासमोरचा भाग त्याच्या नजरेआड जातो. शेवटच्या क्षणी तार दिसलीच तरी भरलेल्या ट्रकला जसं झटक्यात वळता येत नाही तसं त्यालाही येत नाही. शिवाय टॉवरच्या अगदी टोकावरून एक बारीक तार गेलेली असते. तिच्यात वीज नसते, आकाशातली वीज पडली तर ती झेलून जमिनीत उतरवणं एवढंच तिचं काम. तिला आम्ही अर्थवायर म्हणतो. पक्ष्याला खालच्या जाड तारा दिसतात, तो त्यांच्यावरून जायला वर उठतो आणि या बारीक तारेवर आदळतो.

हे मरण शॉकने मरण्यापेक्षा वेगळं आहे. गरुड, घार, गिधाड खांबावर बसतात आणि पंख दोन तारांना किंवा तार आणि लोखंडाला एकदम टेकला की मरतात. त्यावर उपाय आहे, तारेला त्या जागी रबरी आवरण चढवायचं, खांबाची रचना बदलायची. माळढोक खांबावर बसतच नाही. तो धडकेने मरतो, आणि धडकेवर आवरणाचा काय उपयोग?

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने जैसलमेर भागात तारांखाली फिरून मेलेल्या पक्ष्यांची मोजदाद केली. सुमारे 4,200 चौरस किलोमीटरच्या टापूत दरवर्षी सगळ्या जातींचे मिळून 84 हजारांच्या घरात पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा त्यांचा हिशेब निघाला. त्यांत माळढोक वर्षाला 18 च्या आसपास. त्या वेळी थरच्या वाळवंटात माळढोक होते सव्वाशेच्या जवळपास. वर्षाला साताला एक. वर्षाला एक अंडं घालणारी जात हे नुकसान भरून काढू शकत नाही. तिला संपवायला वेगळा शिकारी लागत नाही.

आता दुसरी बाजू. थरमध्ये ऊन भरपूर, वारा भरपूर, जमीन स्वस्त. फलोदीजवळचं भाडला सौर उद्यान 2,245 मेगावॉटचं आहे. वीज तिथे तयार होते, लागते दिल्लीला, पंजाबला, कारखान्यांना. म्हणजे तारा आल्याच. कोळसा जाळायचा नसेल तर ही वीज लागणार, यात मला शंका नाही. उन्हाळ्यात सोलापूरला राहून हवामानबदलावर शंका घेणं अवघडच आहे. 2030 पर्यंत 500 गिगावॉट बिगर-जीवाश्म इंधन वीजक्षमतेचं उद्दिष्ट सरकारने जाहीर केलं, आणि त्यातला मोठा वाटा या वाळवंटाने उचलायचा आहे.

डॉ. एम. के. रणजितसिंह यांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मसुदा घडवणारे हे अधिकारी. न्या. शरद बोबडे यांच्या पीठाने एप्रिल 2021 मध्ये आदेश दिला, की माळढोकाच्या टापूत कमी दाबाच्या तारा जमिनीखाली घाला, मोठ्या दाबाच्या बाबतीत ते शक्य आहे का ते समितीने तपासावं, आणि तोवर तारांवर पक्षी-इशारे लावा. टापू होता सुमारे 99 हजार चौरस किलोमीटरचा. सरकार परत न्यायालयात गेलं. मार्च 2024 मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो सरसकट आदेश बदलला, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेतून येतो असं म्हटलं आणि तज्ज्ञांची समिती नेमली. डिसेंबर 2025 मध्ये न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अतुल चांदूरकर यांनी समितीच्या बहुतेक शिफारशी मान्य केल्या. आता प्राधान्याचं क्षेत्र राजस्थानात 14,013 आणि गुजरातेत 740 चौरस किलोमीटर आहे. तिथे नवी पवनचक्की नाही, 2 मेगावॉटपेक्षा मोठा नवा सौर प्रकल्प नाही, आणि मोठ्या लाइनी ठरवलेल्या पट्ट्यांतूनच जायच्या. तिन्ही पीठांवर एकेक मराठी न्यायमूर्ती होते, हा योगायोग आपला सांगून ठेवतो.

मोठ्या दाबाच्या तारा जमिनीखाली घालणं अवघड आहे हे सरकारचं म्हणणं मी इंजिनियर म्हणून मान्य करतो. 33 केव्हीची केबल पुण्या-मुंबईत रस्त्याखालून सर्रास जाते. मुंबईत 220 केव्हीचीही जाते, पण थोड्या अंतरासाठी. 400 किंवा 765 केव्हीला केबल लांब होत गेली की ती स्वतःच मोठ्या कपॅसिटरसारखी वागते, आणि तिची बरीचशी क्षमता स्वतःला चार्ज करण्यातच खर्ची पडते. कोरड्या वाळूतून उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तीच केबल तिथे कमी वीज वाहते. शिवाय थोड्या थोड्या अंतरावर जोड द्यावे लागतात, आणि जोड बिघडला तर दुरुस्तीला आठवडे जातात. पण या अडचणी मोठ्या दाबाच्या. 33 केव्हीला त्यातली एकही इतकी भारी नाही. तिथे प्रश्न फक्त पैशांचा असतो, आणि प्रकल्पाच्या एकूण खर्चात तो पैसा सामावू शकतो, पहिल्या दिवशी धरला असेल तर. लाइन उभी राहिल्यावर ती काढून जमिनीत घालायची म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे.

राहिले पक्षी-इशारे. तारेला लटकवलेल्या फिरत्या, चमकत्या चकत्या. सरकार, कंपन्या, सगळ्यांना आवडणारा हा उपाय, कारण तो स्वस्त आणि फोटोत दिसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागात यांचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. ब्ल्यू क्रेन या क्रौंचाच्या धडका 92 टक्क्यांनी कमी झाल्या. तिथल्या माळढोकवर्गीय पक्ष्यांना मात्र काहीही फरक पडला नाही. समोर बघतच नसलेल्याला इशारा कसा दिसणार? इतर पक्ष्यांसाठी चकत्या जरूर लावाव्यात. माळढोकासाठी त्या लावून काम झालं असं कुणी सांगितलं तर माझा त्यावर विश्वास बसत नाही.

म्हणून मला ठरावीक पट्ट्यांचा मार्ग पटतो. दहा कंपन्यांच्या दहा लाइनी दहा दिशांना पसरण्यापेक्षा एकाच पट्ट्यातून शेजारी शेजारी न्याव्यात. पक्ष्याला धोका राहतो, पण एका जागी राहतो, आणि उरलेला माळ मोकळा सुटतो. आमच्या लोकांना हे आवडत नाही. एक वादळ आलं की सगळ्या लाइनी एकदम जातील, ही भीती खरी आहे. तरी शंभर किलोमीटरच्या सर्व्हेत हे गणित आधी मांडता येतं. सगळाच माळ बिनतंट्याचा नसतो. जैसलमेरच्या गावांतले लोक ओरणांसाठी भांडतात, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ रानांसाठी. त्यांच्या गायी-उंटांचा चारा आणि गोडावणाचं घर एकच आहे. जिथे असं भांडणारं कुणी असतं, तिथे लाइन वळते. हे मी इथल्या द्राक्षबागांत पुष्कळ पाहिलंय.

सोलापूरचा हिशेब मात्र वेगळा, आणि तो लपवून चालणार नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं, 8,496 चौरस किलोमीटरचं, कागदावर त्यात गावंच काय, शहराचा भागही आला. शेतकऱ्याला जमिनीचा व्यवहार करणं मुश्कील झालं आणि पक्ष्याचं नाव काढलं की शिव्या पडू लागल्या. पुढे ते आक्रसून 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. तोवर कालव्याचं पाणी आलं, माळाचा ऊस झाला, आणि उरलेल्या माळावर हिरवं करण्याच्या हौसेने झाडंही लावली गेली. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. इथे पक्ष्याला तारांनी संपवलं नाही. जमीन रिकामी आहे, या समजुतीने संपवलं.

तीच समजूत आता सौरऊर्जेच्या नव्या लाटेत परत येते आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्रांजवळ हजारो मेगावॉट उभे राहतायत. योजना चांगली आहे. रात्री दोनला मोटर सुरू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. वीज गावातच तयार होऊन गावातच वापरली जाते, म्हणजे लांब लाइनी लागत नाहीत, हा मला तिचा मोठा फायदा वाटतो. पण जागा कुठली? सरकारी, म्हणून पुष्कळदा गायरान. सगळी गायरानं सारखी नसतात. काहींवर वेडी बाभूळ माजलेली असते, तिथे पॅनेल बसवले तर कुणाचं फारसं बिघडत नाही. काहींवर अजून पवन्या आणि कुसळीचं गवत उभं असतं, लांडगा असतो, धाविक असतो, विदर्भात पावसाळ्यात तणमोरही येतो. उताऱ्यावर दोन्ही एकसारखीच दिसतात.

पवनचक्कीच्या बाबतीत साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीचं उदाहरण मला लक्षात राहिलंय. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे काम केलं, ते 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या पठारावर शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी होते. मग खालचे सरडे वाढले, निर्धास्त झाले. माणूस अगदी जवळ गेला तरी पळेनात. चक्की फिरते वर, आणि बदलतं थेट गवतातलं जग. पण हा बदल मोजायला कुणीतरी गवतात बसावं लागतं, आणि प्रकल्पाच्या मंजुरीआधी तिथे सहसा कुणी बसत नाही. देशात अनेक पवन आणि सौर प्रकल्पांना पर्यावरण परिणामाचा अभ्यासच करावा लागत नाही, कारण ही वीज 'स्वच्छ' धरलेली आहे.

राजस्थानात सम आणि रामदेवरा इथे माळढोकाची पैदास केंद्रं चालतात. रानातली अंडी उबवून सुरुवात झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. आता तिथे साठाच्या वर पक्षी आहेत. आज ना उद्या ते सोडावे लागतील. एक माळढोक सहज पन्नास-शंभर किलोमीटरचा फेरफटका मारतो, अभयारण्याचं कुंपण त्याला ठाऊक नसतं. तेव्हा त्याच्या फेऱ्याच्या आवाक्यात कुठल्या 33 केव्हीच्या लाइनी आहेत, त्यांतल्या कुठल्या आधी जमिनीत घालायच्या, कुठल्या बंदच करता येतील, ही यादी पक्षी सोडायच्या आधी तयार हवी. ती करायला पक्षीतज्ज्ञाइतकीच लाइनमनची गरज आहे. कुठला खांब कुठे आहे आणि कुठली लाइन आता नुसतीच लोंबकळते आहे, हे त्याला नकाशा न बघता सांगता येतं.