कडाक्याच्या थंडीत गाडीचे वॉर्निंग लाइट का लागतात?

मी मिनियापोलिसमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ३० जानेवारी २०१९ ला इथलं तापमान उणे ३३ अंशांपर्यंत उतरलं होतं. अशा थंडीत गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर एकदम दोन-चार लाइट लागू शकतात. घाबरू नका, आधी कोणता लाइट आहे ते बघा.

टायरचा लाइट: हवा थंड झाली की दाब घटतो, साधारण दर ५.५ अंशांना १ पीएसआय. २० अंशांत भरलेले ३५ पीएसआय उणे ३० ला २६ च्या आसपास येतात. अमेरिकेतल्या नियमानुसार दाब २५ टक्के घटला की लाइट लागायलाच हवा. म्हणजे पंक्चर नसतानाही तो लागू शकतो. प्रेशर तपासून हवा भरा.

एबीएस, स्टीअरिंगचे लाइट: थंडीत फोन २० टक्क्यांवरच बंद पडतो ना? गाडीची बॅटरीही तशीच मंदावते. त्यात ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त करंट लागतो. व्होल्टेज क्षणभर पडलं की कंट्रोलर एरर नोंदवतात. लाइट रोज लागत असतील तर बॅटरी तपासून घ्या.

ऑइल प्रेशरचा लाल लाइट: इंजिन सुरू झाल्यावरही तो विझला नाही, तर थंडी आहे म्हणून सोडून देऊ नका. लगेच इंजिन बंद करा, नाहीतर इंजिनच जाईल.