खुर्चीतले विमान आणि पोटातली मळमळ

‘गाडी लागणे’ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. बीडहून सुटलेली एस.टी. मांजरसुंब्याचा घाट चढू लागली, की दोन-चार प्रवासी खिडकीकडे सरकतात. कोणी लिंबू हुंगतो, कोणी आवळासुपारी तोंडात टाकतो. परंतु घरातल्या घरात, खुर्चीवर बसल्या बसल्या ‘विमान लागले’ अशी तक्रार घेऊन कोणी दवाखान्यात येईल, असे मला वाटले नव्हते.

काही दिवसांपूर्वी बारावी झालेला एक मुलगा वडिलांबरोबर आला. त्याला वैमानिक व्हायचे आहे. पुण्याच्या मावसभावाने त्याला डोळ्यांवर बांधायचे यंत्र, म्हणजे व्ही.आर. हेडसेट, वापरायला दिले होते. वेल्डिंगचे काम करणाऱ्या मित्राने मोटारी बसवून हलणारी खुर्चीही तयार करून दिली होती. हेडसेट डोळ्यांवर, हातात दांडा, समोर धावपट्टी. पहिल्याच दिवशी पाऊण तास ‘उड्डाण’ झाले आणि नंतर अर्धा तास उलट्या. तशाच अवस्थेत गावाकडे निघालेला मुलगा मोटारसायकलसह रस्त्याकडेच्या चारीत गेला. नशिबाने खरचटण्यावर निभावले.

आईचे म्हणणे, दृष्ट लागली. वडिलांची काळजी वेगळी होती. पोराच्या शिक्षणासाठी दोन एकर विकण्याची बोलणी चालली होती. त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, ज्याला खुर्चीत ओकारी होते, तो विमान काय चालवणार? जमीन विकू का नको?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर सर्व वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून आजचा लेख.

कानातील पाणसळ

कान ऐकण्यासाठी असतो हे सर्वांना माहीत आहे. शरीराचा तोल सांभाळण्याचे कामही कानाकडेच आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. कानाच्या अगदी आतल्या भागात तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. मान वळली की तो द्रव मागे रेंगाळतो आणि ‘डोके फिरले’ अशी वर्दी मेंदूला मिळते. नागपंचमीला मुली फुगडी घालतात. फुगडी थांबली तरी घर गरगरताना दिसते, ते याचमुळे. तांब्यातील पाणी ढवळून हात काढून घेतला तरी ते थोडा वेळ फिरत राहते, तसाच हा प्रकार.

नळ्यांच्या शेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियमचे बारीक खडे असतात. गाडीने वेग घेतला किंवा मान कलली की हे खडे सरकतात. गवंड्याच्या हातात जशी पाणसळ, तसा हा आपल्या डोक्यातील अवयव समजावा.

आता एस.टी.त काय होते ते पाहा. प्रवासी मोबाईलमध्ये किंवा वर्तमानपत्रात डोके घालून बसलेला असतो. डोळा सांगतो, ‘सर्व काही स्थिर आहे.’ कान सांगतो, ‘वळण आले, गचका बसला.’ दोन साक्षीदार दोन प्रकारची साक्ष देतात आणि मेंदू गोंधळतो. हेडसेटमध्ये याच्या नेमके उलट घडते. डोळा सांगतो, ‘विमान डावीकडे कलले, खाली झेपावले.’ कान सांगतो, ‘आपण तर खोलीत बसलो आहोत.’ भांडण तेच, फक्त पक्ष बदलले.

पण त्यामुळे उलटी का व्हावी? १९७७ साली मिशेल ट्रीझमन या शास्त्रज्ञाने असा तर्क मांडला, की पोटात विष गेले तरी डोळा आणि कान यांचा मेळ असाच बिघडतो. म्हणून असा गोंधळ झाला की मेंदू विषबाधेचा संशय घेतो आणि पोट रिकामे करतो. हा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु पटण्यासारखा आहे.

हा कमकुवतपणा नव्हे

ज्यांच्या कानातील तोल सांभाळणारा भाग आजाराने पूर्ण निकामी झालेला असतो, त्यांना गाडी किंवा बोट लागत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातील अकरा जणांवर अवकाशप्रवासाच्या तयारीसाठी प्रयोग झाले. त्यांपैकी बहुतेकांचा हा भाग लहानपणीच्या मेंदूज्वराने निकामी झाला होता. खवळलेल्या समुद्रात बोट नेली तेव्हा ते आरामात पत्ते खेळत बसले आणि त्यांना तपासायला आलेले संशोधकच आडवे झाले! तेव्हा हेडसेट लावून मळमळणे म्हणजे कान शाबूत असल्याची खूण आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टरच्या नकली यंत्रावर हा त्रास प्रथम बारकाईने नोंदला गेला. त्यात नवशिक्यांपेक्षा अनुभवी शिक्षकांनाच जास्त त्रास झालेला दिसला. कारण खऱ्या उड्डाणात कोणत्या क्षणी कोणता धक्का बसतो, हे त्यांच्या कानाला पाठ होते. तो धक्का आला नाही की त्यांचा मेंदू लवकर चक्रावे. म्हणजे खुर्चीत ओकारी झाली म्हणून विमान जमणार नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याचप्रमाणे खुर्चीत काही त्रास झाला नाही म्हणून विमान जमेलच, असेही नाही.

हलणारी खुर्ची कशासाठी?

नकली विमानात शिकवण्याची कल्पना जुनी आहे. १९२९ साली जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेत एडविन लिंक या तरुणाने वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात बसून एक डुलणारे विमान तयार केले. आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसा भाता वापरून ते कलत असे. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक अशा यंत्रावर शिकले. पुढे १९६५ साली स्टुअर्ट या इंग्रज अभियंत्याने सहा पायांवर सर्व दिशांना हलणाऱ्या मंचाची रचना मांडली. आज विमान कंपन्यांची मोठी यंत्रे अशाच सहा पायांवर उभी असतात. २०१६ पासून चांगले हेडसेट सामान्य ग्राहकाला मिळू लागले आणि हा सगळा प्रकार घराघरात शिरला.

खुर्ची कानाला थोडी फसवते. एस.टी.ने जोराने वेग घेतला की पाठ बाकाला दाबली जाते. खुर्ची हळूच मागे कलवली तरी पाठ तशीच दाबली जाते. कानातील खड्यांना यांतला फरक एकट्याने कळत नाही. समोर धावपट्टी पळताना दिसत असेल तर मेंदू मान्य करतो, की विमान निघाले. डोळा आणि कान यांची साक्ष जुळली की मळमळ कमी होते.

परंतु खुर्ची आणि चित्र यांचा ताळ क्षणभर चुकला, तरी त्रास पूर्वीपेक्षा वाढतो. मान वळवल्यानंतर चित्र बदलायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त वेळ लागू नये, असा ठोकताळा आहे. शिवाय खुर्ची कलली की हेडसेटला वाटते मानच कलली, आणि ते चित्रही कलवते. ही चूक वजा करण्याची सोय संगणकात करावी लागते. आमच्या मुलाच्या खुर्चीत ती केलेली नव्हती. म्हणून त्याचे हाल दुप्पट झाले.

काय करावे?

१) पहिल्या दिवशी पाच ते दहा मिनिटे पुरे. त्रास झाला नाही तर दर खेपेस थोडी वेळ वाढवावी. शरीराला सवय होते, पण ती हळूहळू होते.

२) घाम फुटणे, वारंवार जांभई, तोंडाला पाणी सुटणे, कपाळ जड होणे ही पहिली लक्षणे होत. त्याच क्षणी डोळे मिटून हेडसेट काढावा. ‘अजून थोडे सोसू’ म्हणू नये. सोसल्याने सवय होत नाही, धास्ती बसते.

३) सुरुवातीला सरळ आणि संथ उड्डाण करावे. नजर क्षितिजावर ठेवावी. कोलांट्या मारू नयेत. दांडा आपल्याच हाती असावा. एस.टी.च्या ड्रायव्हरला गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच ठाऊक असते.

४) खोलीत वारा खेळता असावा. चेहऱ्यावर पंख्याचा झोत घ्यावा. पोट तुडुंब भरलेले नसावे, तसेच उपाशीही नसावे.

५) दोन बाहुल्यांमधील अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. प्रौढांत ते सरासरी त्रेसष्ट मिलिमीटरच्या आसपास असते. भिंगे आपल्या मापाला लावून घ्यावीत, नाहीतर डोके दुखते. चष्मा असल्यास तो काढून ठेवून खेळू नये. चष्म्यासह बसेल अशी सोय करून घ्यावी.

६) हेडसेट साधारण अर्धा किलो वजनाचा असतो. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी जपून वापरावा. चार मित्रांत एकच हेडसेट फिरत असेल तर दरवेळी पुसून घ्यावा. डोळे आले असतील त्याने तो लावूच नये.

७) खुर्चीला अर्थिंग पक्के असावे आणि हाताशी येईल असे तात्काळ बंद करण्याचे बटण असावे. वीज गेली की खुर्ची धाडकन खाली बसणार नाही, याची खात्री करावी. लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये. खुर्चीच्या सांध्यात बोट सापडले तर चेंदामेंदा होतो.

सर्वांत मोठी चूक

आमच्या मुलाची खरी चूक उलटीची नव्हती, त्यानंतर मोटारसायकलला किक मारण्याची होती. हेडसेट काढला तरी मेंदूतला गोंधळ लगेच मिटत नाही. कधी कधी काही तास तोल डळमळीत राहतो, अंतराचा अंदाज चुकतो. म्हणूनच सैनिकी वैमानिकांनाही नकली यंत्रावर त्रास झाल्यास काही काळ खऱ्या विमानापासून दूर ठेवतात. आपणही तोच नियम पाळावा. त्रास झाला असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नये, विहिरीच्या काठावर जाऊ नये, झाडावर चढू नये, कडबाकुट्टीच्या यंत्रापाशी उभे राहू नये.

औषधाविषयी एक शब्द. प्रवासात मळमळ थांबवणाऱ्या गोळ्या मिळतात. त्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. प्रवासात झोप लागली तर बिघडत नाही. पण खेळासाठी गोळी घेऊन नंतर गाडी चालवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. आल्याचा तुकडा चघळण्यास हरकत नाही. काहींना त्याने आराम पडतो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

आपल्याकडे ‘चक्कर’ हा एकच शब्द अनेक आजारांना लावला जातो. हेडसेट काढल्यावर काही तासांत ओसरणारी चक्कर साधी समजावी. पण अंथरुणात कूस बदलताच क्षणभर घर फिरत असेल, तर कानातील खडे जागेवरून हललेले असू शकतात. डोक्याच्या विशिष्ट हालचालींनी ते पुन्हा बसवता येतात. एका कानाने कमी ऐकू येणे, कानात सतत आवाज होणे, कान वाहत असताना चक्कर येणे, अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाला लवकर दाखवावे. चक्करेबरोबर बोलणे अडखळले, एकाच्या जागी दोन दिसू लागले किंवा हातापायातील शक्ती गेली, तर एक क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

फेफरे येणाऱ्यांनी हेडसेट लावू नये. अर्धशिशी असणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो, हे ध्यानात ठेवावे. गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. लहान मुलांसाठी कंपन्या स्वतःच दहा ते तेरा वर्षे अशी किमान वयोमर्यादा घालतात, ती पाळावी.

आणि जमीन?

मी त्या वडिलांना सांगितले, “खुर्चीतल्या ओकारीवरून काहीच ठरवू नका. पण जमीनही आज विकू नका.” वैमानिकाच्या शिक्षणाआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. व्यावसायिक परवान्यासाठी पुढे पहिल्या वर्गाची. या तपासण्यांत डोळे, कान, हृदय, रंग ओळखण्याची क्षमता सर्व पाहिले जाते. रंगांधळेपणा माणसाला स्वतःला कित्येकदा माहीतच नसतो आणि तेथेच स्वप्न अडते. ठिपक्यांच्या पुस्तकाची ती तपासणी कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. आधी तपासणी, मग एखाद्या प्रशिक्षण संस्थेत जाऊन खऱ्या विमानातून एक फेरी, आणि त्यानंतर सौद्याची बोलणी, असा क्रम ठेवावा. बारामतीला आणि गोंदियाजवळ बिरसीला अशा संस्था आहेत. व्यावसायिक परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते. घरच्या खुर्चीतला एकही तास त्यात धरला जात नाही.

खऱ्या विमानातही सुरुवातीला अनेकांना मळमळते. १९६१ साली अवकाशात गेलेला दुसरा रशियन वीर गेर्मान तितोव्ह यालाही तेथे मळमळले होते. आपल्या हवाई दलाचे याबाबतचे काम बंगळूरच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेत चालते. त्रास होणाऱ्या शिकाऊ वैमानिकांना फिरत्या खुर्चीवर क्रमाक्रमाने सवय लावून पुन्हा उड्डाणावर पाठवले जाते. सवय लागते, पण घाई चालत नाही.

मुलाचे डोळे त्याच दिवशी तपासून घ्यायला सांगितले. जाताना त्याने विचारले, “मग खुर्ची मोडून टाकू का?” मी म्हटले, “मोडू नकोस. अर्थिंग करून घे, बटण बसव आणि घड्याळ लावून दहा मिनिटेच बस.” वडील हसले. त्या दिवशी मोटारसायकल त्यांनीच चालवली.