संवादकौशल्य आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी: चार गैरसमज

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की अभियांत्रिकीच्या मुलांना ‘कम्युनिकेशन सुधारा’ हा सल्ला सगळीकडून मिळू लागतो. सुधारायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. मग ऐकीव समजुती घट्ट होतात आणि त्यांची किंमत बऱ्याचदा मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं मोजतात.

गैरसमज 1: संवादकौशल्य म्हणजे फाडफाड इंग्रजी.

वस्तुस्थिती: अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएने पदवीधराच्या अपेक्षित गुणांमध्ये संवादाला स्वतंत्र स्थान दिलं आहे. अहवाल समजून घेणं आणि लिहिणं, डिझाइनची कागदपत्रं तयार करणं, सादरीकरण करणं, अभियंत्यांशी तसंच समाजाशी नीट बोलता येणं, या त्यातल्या अपेक्षा. इंग्रजीचा त्यात उल्लेखही नाही. इंग्रजी शिकायलाच हवं, कारण डेटाशीट आणि शोधनिबंध बहुतांशी त्याच भाषेत असतात. पण साइटवर मुकादमाला स्लॅबच्या सळयांमधलं अंतर समजवायचं, तर मराठी किंवा हिंदीच लागते.

शिवाय, तोंडी परीक्षेत अडखळणाऱ्याची अनेकदा भाषेआधी संकल्पनाच अडलेली असते. विषय आधी मित्राला मराठीत समजावून सांगावा. ते जमलं की इंग्रजी वाक्यं जुळवणं सोपं जातं. 2021 मध्ये तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू केला. मराठीतून अभियांत्रिकी शिकणं ही आता नुसती कल्पना उरलेली नाही.

गैरसमज 2: गणित आणि डिझाइन चोख असलं की पुरे.

वस्तुस्थिती: जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया अंतराळयानाच्या उड्डाणावेळी फोमचा एक तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचं विश्लेषण करून स्लाइड तयार केल्या. ज्या चाचण्यांचा आधार घेतला होता, त्यांतला तुकडा 3 घन इंचांचा होता. प्रत्यक्षात आदळलेल्याचा अंदाज होता 1920 घन इंच, म्हणजे 640 पट. ही तुलना स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांतल्या उपमुद्द्यात होती आणि वरचं शीर्षक दिलासा देणारं होतं. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतताना यान फुटलं. सातही अंतराळवीर गेले. त्यांत चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कल्पना चावला होत्या. दुर्घटनेची कारणं अनेक होती. तरी चौकशी मंडळाने अहवालात त्या स्लाइडवर स्वतंत्रपणे बोट ठेवलं: ती वाचून वरिष्ठांना जिवावरचा धोका न कळणं सहज शक्य होतं. सर्वांत महत्त्वाची गोष्ट सर्वांत वर आणि स्पष्ट शब्दांत सांगणं हा अभियंत्याच्या कामाचाच भाग आहे.

गैरसमज 3: संवादात 93 टक्के वाटा देहबोली आणि आवाजाचा असतो.

वस्तुस्थिती: हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांवरून आला. त्यांत एकेकटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे भाव यांवरून आवड-नावड कशी ओळखली जाते, एवढंच तपासलं होतं. सगळ्या संवादाला हा नियम लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. प्रोजेक्ट समजावताना मुद्द्यांचा क्रम आणि आकडे चुकले, तर सफाईदार हातवारे उपयोगी पडत नाहीत.

गैरसमज 4: शेवटच्या वर्षी क्रॅश कोर्स केला की झालं.

वस्तुस्थिती: सरावाची साधनं पहिल्या सेमिस्टरपासून हातात असतात, पण आपण ती वाया घालवतो. जर्नल सिनिअरचं बघून उतरवलं जातं आणि प्रत्येक प्रयोगाखाली ‘अमुकचा अभ्यास केला’ एवढाच निष्कर्ष येतो. त्याऐवजी काय मोजलं, उत्तर किती आलं, अपेक्षेपेक्षा वेगळं का आलं, हे स्वतःच्या चार वाक्यांत लिहिलं, तर तोच अहवाललेखनाचा सराव होतो. प्रोजेक्टच्या गटात नेहमी एकच जण बोलतो. पाळीपाळीने प्रत्येकाने बोलावं. बुजऱ्या मुलांनी आधी दोघातिघांसमोर बोलावं, मग वर्गासमोर.

शिक्षकांनीही उतरवलेलं जर्नल तपासून सही करण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: ‘तुझ्या शब्दांत सांग.’ आणि विद्यार्थ्यांनो, या आठवड्याच्या प्रॅक्टिकलचा निष्कर्ष स्वतः लिहा. सुरुवात तिथूनच करा.