विश्लेषण : दोघांना ७३-७३ मते, मतदानाच्या ३६ फेऱ्या… अमेरिकेत पहिले सत्तांतर कसे झाले?

एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांना सारखीच मते पडली आणि अमेरिकेला नवा अध्यक्ष मिळेना. १८०० सालच्या निवडणुकीने हा पेच निर्माण केला. राज्यघटना लागू होऊन तेव्हा जेमतेम १२ वर्षे होत होती. हरलेला पक्ष मुकाट्याने सत्ता सोडतो का, याची ती पहिलीच परीक्षा होती.

पेच कशामुळे?

घटनाकारांनी पक्षांचा विचारच केला नव्हता. प्रत्येक इलेक्टरने दोन मते द्यायची. सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष, त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष. कोणते मत कोणत्या पदासाठी, हे सांगण्याची सोय नव्हती. त्यामुळे १७९६ मध्ये फेडरलिस्ट पक्षाचे जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन उपाध्यक्ष झाले.

दोन्ही पक्षांत वाद कसला?

फेडरलिस्टांना बलवान केंद्र सरकार आणि ब्रिटनशी व्यापार हवा होता. जेफरसन यांच्या रिपब्लिकन पक्षाचा (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा) भर राज्यांच्या अधिकारांवर होता आणि त्यांची सहानुभूती फ्रान्सकडे होती. १७९८ च्या राजद्रोह कायद्याने आगीत तेल ओतले. सरकारवर टीका करणारे संपादक तुरुंगात गेले. खासदार मॅथ्यू लायन यांनाही शिक्षा झाली. ते तुरुंगातूनच पुन्हा निवडून आले.

कोंडी कशी फुटली?

१८०० मध्ये अ‍ॅडम्स यांना ६५ मते मिळाली, तर जेफरसन आणि त्यांचे सहकारी अ‍ॅरन बर यांना प्रत्येकी ७३. निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे १६ राज्यांना प्रत्येकी एक मत होते आणि विजयासाठी नऊ मते हवी होती. मात्र मावळत्या सभागृहात बहुमत फेडरलिस्टांचे होते आणि त्यातील अनेकांनी बर यांना हाताशी धरले. ११ फेब्रुवारी १८०१ पासून फेरीमागून फेरी झाली, पण जेफरसन आठवरच अडले. फेडरलिस्ट नेते अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी बर यांना कडाडून विरोध केला. अखेर १७ फेब्रुवारीला डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड यांनी माघार घेतली आणि ३६ व्या फेरीत जेफरसन दहा राज्यांच्या पाठिंब्याने विजयी झाले.

नव्या अध्यक्षांपुढे काय वाढून ठेवले होते?

जाता जाता अ‍ॅडम्स यांनी न्यायालयांत आपल्या पक्षाच्या माणसांची भरती केली होती. सरन्यायाधीश जॉन मार्शल हेही त्यांनीच नेमलेले. यातील एका रखडलेल्या नियुक्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातूनच १८०३ च्या 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' खटल्यात, घटनाबाह्य कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायालयाने पहिल्यांदा ठामपणे मांडला. शिवाय शपथविधीनंतर काही महिन्यांतच त्रिपोलीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले.

पुढे काय बदलले?

१८०४ मध्ये १२ वी घटनादुरुस्ती झाली आणि अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मतदान सुरू झाले. पण सत्ता सोडण्याची सक्ती कोणत्याही कलमाने होत नाही. ४ मार्च १८०१ च्या पहाटे अ‍ॅडम्स शपथविधीला न थांबता वॉशिंग्टनहून निघून गेले. कटुता होतीच, तरीही लष्कराला न बोलावता त्यांनी खुर्ची रिकामी केली.