नाण्यावरील आई

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने सक्तीचे केले. काही वर्षांत नांदेड-लातूरकडील शाळांच्या जनरल रजिस्टरात ही नावे चढू लागतील. 'यात नवे ते काय? सातवाहन राजे आईचेच नाव लावीत,' असे अशा वेळी कोणीतरी म्हणतेच. म्हणणारा चुकत नाही. पण पुरते खरेही सांगत नाही.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. ती क्षहरात नहपानाची: एका बाजूस राजाचे मस्तक आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला. तीन कमानींचा डोंगर, उज्जयिनी चिन्ह आणि ब्राह्मी लिपीत आपले नाव. कित्येक नाण्यांवर त्या डोंगराखालून शत्रूचा चेहरा अजून अर्धवट दिसतो. नाणी वितळविली असती, तर पराभवाचा हा पुरावा गावोगावच्या बाजारांत फिरला नसता.

कुळाची थोरवी चांदीवर मिरविण्याची हौस रोमनांनाही होती. तेथे टांकसाळीवर नेमलेले तरुण अधिकारी आपले पूर्वज देनारियस नाण्यांवर आणीत. इ. स. पूर्व ५४ च्या सुमारास ब्रूटसने राजेशाही उलथविणारा आपला पूर्वज असाच नाण्यावर आणला. पुढे दहा वर्षांनी सीझरवर शस्त्र उगारणारा तो हाच.

रोमनाने पूर्वज मिरविला, सातवाहनाने आई. परंतु 'गौतमी' हे त्या मातेचे स्वतःचे नाव नव्हे. ते तिच्या माहेरच्या गोत्रावरून आलेले. म्हणजे नाण्यावर प्रतिष्ठा आहे ती आजोळची. गादी तर बापाकडून मुलाकडेच जात राहिली. तिचे नाव बलश्री. ते आढळते नाशिकच्या लेण्यात, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी कोरलेल्या लेखात. क्षहरातांचा उच्छेद करून सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापणारा म्हणून तिच्या पुत्राचा तेथे गौरव आहे. लेण्याचे दान मात्र तिचे आहे, आणि म्हणून नावही.

नव्या अर्जाच्या रकान्यात आईचे गोत्र नव्हे, नाव लिहावयाचे आहे.

लातूरकरांना सातवाहनांची नाणी पाहण्यास नाशिक गाठावयास नको; तेरच्या, म्हणजे प्राचीन तगरच्या, संग्रहालयात ती आहेत. वर्ग घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी त्या अक्षरांत मुलांना बलश्री शोधावयास सांगावे.