गुण तेच, क्रमांक वेगळा

2015 साली भ्रष्टाचार धारणा निर्देशांकात भारत 76 वा होता, 2024 साली 96 वा. देश वीस पायऱ्या घसरला, असे कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात दोन्ही वर्षी भारताला 100 पैकी 38 च गुण होते. 2014 लाही 38 च होते आणि तेव्हा क्रमांक 85 होता. त्या वर्षी यादीत 175 देश होते, पुढच्या वर्षी 168 उरले, 2024 मध्ये 180 झाले. शिवाय इतरांचे गुण वरखाली होतच असतात. म्हणजे क्रमांक बदलायला आपल्याकडे काही घडावेच लागते असे नाही. मधल्या गुणांवर देशांची दाटीही फार. 2022 ते 2023 या काळात भारताचा एकच गुण कमी झाला, 40 चे 39 झाले, आणि क्रमांक 85 वरून 93 वर गेला. प्रत्येक गुणासोबत त्यातली संभाव्य चूकही प्रसिद्ध केली जाते. मथळ्यांत मात्र तिला कधी जागा मिळत नाही.

दुसरा गैरसमज असा की हा जनतेचा कौल आहे. 1995 पासून हा निर्देशांक काढणारी बर्लिनची ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल ही संस्था त्यासाठी सामान्य नागरिकांना काहीच विचारत नाही. जागतिक बँक, वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम, इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट अशा डझनभर संस्थांची तेरा मूल्यमापने ती उचलते, 0 ते 100 च्या मापात बसवते आणि त्यांची सरासरी काढते. निदान तीन स्रोत असल्याशिवाय देशाचा यादीत समावेश होत नाही. या मूल्यमापनांत मते असतात ती तज्ज्ञांची आणि उद्योजकांची: सरकारी पैसा खासगी खिशात जातो का, कंत्राटासाठी लाच द्यावी लागते का, भ्रष्ट अधिकाऱ्याला शिक्षा होते का. सातबाऱ्यासाठी मोजलेली चिरीमिरी त्यात थेट येत नाही. ती मोजण्यासाठी हीच संस्था ग्लोबल करप्शन बॅरोमीटर नावाची वेगळी पाहणी करते. आशियातल्या 2020 च्या पाहणीत, सरकारी सेवा घेतलेल्या भारतीयांपैकी 39 टक्क्यांनी वर्षभरात लाच दिल्याचे सांगितले, तर 46 टक्क्यांनी वशिला लावल्याचे. पाहणीतल्या 17 देशांत दोन्ही आकडे सर्वाधिक होते. हा अनुभव झाला आणि निर्देशांक म्हणजे मत. दोन्हींची सरमिसळ केली की चर्चेचा पायाच ढासळतो.

मग मतांच्या भानगडीत पडायचेच कशाला, सरळ गुन्हे मोजावेत, हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण लाचखोरीच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत महाराष्ट्र अनेक वर्षे देशात पहिला राहिला आहे. त्यावरून महाराष्ट्र सर्वांत भ्रष्ट ठरतो, की इथला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग जास्त सापळे लावतो आणि लोक तक्रार करायला धजावतात? आकडा याचे उत्तर देत नाही. ज्या राज्यात तक्रारच होत नाही, ते कागदोपत्री स्वच्छच दिसणार. लाच गुपचूप दिली-घेतली जाते आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर सात दिवसांत तक्रार न करणारा लाच देणाराही गुन्हेगार ठरू शकतो. अशा व्यवहाराची मोजदाद कुठली? मतांकडे वळावे लागते ते या नाइलाजाने.

ही मते अगदीच हवेतली नसतात, याचा एक गमतीदार पुरावा न्यूयॉर्कमध्ये सापडला. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांकडून 2002 पर्यंत पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. रे फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी पाच वर्षांतली थकबाकी तपासली. नॉर्वे-स्वीडनची थकबाकी शून्य. कुवेत, इजिप्त, चाड आघाडीवर. धारणांवरच आधारलेल्या एका वेगळ्या निर्देशांकात जो देश जास्त भ्रष्ट, त्याचे मुत्सद्दी सहसा दंडही जास्त बुडवत होते. पण याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी इंडोनेशियातल्या सहाशेहून अधिक गावांतले रस्ते अभियंत्यांकडून खणून घेतले, किती माल गायब झाला ते मोजले आणि गावकऱ्यांच्या मतांशी ताडून पाहिले. मत आणि चोरी यांचा संबंध होता, पण क्षीण. वाढवून लावलेला दर गावकऱ्यांना कळत होता. खडी-वाळू कमी टाकलेली कळत नव्हती, आणि बहुतेक पैसा खाल्ला जात होता तो तिथेच.

निर्देशांक पाश्चात्त्यांचा पक्षपात आहे, ही तक्रार आपल्याकडे गुण घसरले की विशेष ऐकू येते. 2024 च्या यादीत सिंगापूर 84 गुणांसह तिसरा आहे, भूतान 72 गुणांसह अठरावा आणि अमेरिका 65 गुणांसह अठ्ठाविसावी. तेव्हा ही तक्रार या रूपात टिकत नाही. खरी त्रुटी व्याख्येत आहे. निर्देशांक फक्त सार्वजनिक क्षेत्राकडे पाहतो. काळा पैसा जिथे मुरतो त्या बँका त्याच्या कक्षेबाहेर राहतात. डेन्मार्क वर्षानुवर्षे अव्वल, आणि त्याच्याच डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून 2007 ते 2015 दरम्यान सुमारे 200 अब्ज युरोंची उलाढाल झाली, त्यातली बरीचशी संशयास्पद. डेन्मार्कच्या गुणांवर याचा फारसा ओरखडा उठला नाही.

तेव्हा या साधनाकडून वर्षावर्षाचा हिशेब मागू नये, दीर्घ काळाचा कल तेवढा पाहावा. तोही 2012 पासूनचाच, कारण त्या वर्षी पद्धत बदलली. आधीच्या दहापैकी गुणांना दहाने गुणून केलेली तुलना चूक आहे. 2012 ते 2024 या काळात केंद्रात सत्ता बदलली, लोकपाल कायदा झाला, नोटाबंदी झाली. भारताचे गुण मात्र 36 च्या खाली गेले नाहीत आणि 41 च्या वर चढले नाहीत.