एकट्याचे शीड आणि तिथीचा हिशेब: खांदेरी ते सुवाली

सुरतेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचा समुद्र डुमसच्या टोमॅटो-भज्यांपाशी संपतो. ओहोटीला पाणी इतके मागे जाते की होडी चालवायची कुठे, असा प्रश्न पडावा. त्या प्रश्नातच आपल्या बंदराचा निम्मा इतिहास आहे.

छोट्या शिडाच्या होडीतून एकट्याने निवांत दिवस काढायचा, तर कोकणी माणूस आधी तिथी विचारतो. त्याचा हिशेब सोपा: पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, आली पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी साधारण सहाला, सुकती दुपारी बाराच्या सुमारास. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, उधाणाची ओढ नसते. थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. सकाळी ओहोटी आणि मतलईबरोबर थळहून निघावे, उंदेरी-खांदेरीभोवती फिरावे आणि दुपारी भरती आणि खाऱ्या वाऱ्यावर परतावे. वल्ह्याला फारसा हात लावावा लागत नाही.

हाच हिशेब सुरतेला जसाच्या तसा चालत नाही. भरतीची लाट खंभातच्या आखातात वर सरकत येते, त्यामुळे इथे ती मुंबईपेक्षा उशिरा पोचते. आखात निमुळते असल्याने पाणी चढतेही जास्त. तेव्हा तिथी थोडी अलीकडची धरायची आणि भरतीचा तक्ता पाहिल्याशिवाय निघायचे नाही. तापीच्या मुखाशी रेतीचे दांडे आहेत. वेळ चुकली की होडी त्यांवर बसते आणि एकटा माणूस पुढच्या भरतीपर्यंत अडकून पडतो.

मोठी जहाजे याच कारणाने सुरतेपर्यंत येत नसत. ती सुवालीला, किनारा आणि रेतीचा बांध यांच्यामधल्या खोल पाण्यात नांगर टाकत. 1612 च्या नोव्हेंबरात थॉमस बेस्टची रेड ड्रॅगन आणि होझिअँडर ही दोन जहाजे इथेच पोर्तुगीजांच्या चार गॅलियनांशी लढली. लढताना पोर्तुगीजांची काही जहाजे रेतीत रुतली. उथळ पाण्याने इंग्रजांना हात दिला आणि त्यांचा सुरतेत जम बसला.

1679 साली बाजू उलटली. शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांचे वरिष्ठ सुरतेच्या वखारीत बसत होते. खांदेरीची रसद तोडायला इंग्रजी जहाजे आली, पण ती वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, रात्रीच्या निसटत. बेट मराठ्यांकडेच राहिले. शेजारचे उंदेरी मात्र 1680 च्या जानेवारीत सिद्दीने बळकावले.

सुवाली आणि खांदेरी, दोन्ही ठिकाणी कोणाचे जहाज मोठे यापेक्षा कुठे किती पाणी आहे आणि ते कधी उतरते, हे महत्त्वाचे ठरले. आज हजीऱ्याच्या बंदरामुळे मोठ्या जहाजांची ये-जा आहे, त्यांच्या वाटेत छोटे शीड नेऊ नये. पण डुमसला उभे राहूनही हे गणित पाहता येते. एकदा भरतीला जा, एकदा सुकतीला. दोन्ही वेळची तिथी लिहून ठेवा.